कॅमारोचे शॉक बदलण्याआधी

१९६९ ची कॅमारो घेतलीस, मजा आहे! पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे (लीफ स्प्रिंग). नवे शॉक (धक्के जिरवणारे अ‍ॅब्सॉर्बर) घेण्याआधी गाडीखाली शिरून सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी बुश बघ. ते चिरले असतील तर महागडे शॉकही वाया.

- गाडी बुटकी करायला कॉइल कापू नकोस. मी कापली होती. प्रत्येक खड्ड्यात दणका, बायकोने बसायचंच सोडलं.
- रेसचे स्प्रिंग नकोत. किंचित कडक स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉक पुरेत.
- दाबलेली कॉइल सुटली तर जीव घेईल. स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर वापरता येत नसेल तर पुढचं काम मेकॅनिककडेच दे.

बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर टेकल्यावरच शेवटचे आवळ. जॅकवर आवळलेस की रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. मग चाकांची अलाइनमेंट. स्वे बारचं, म्हणजे वळणावर गाडी कलणं कमी करणाऱ्या दांड्याचं, नंतर बघू.