उपकेंद्रात प्रवेश घेण्यापूर्वी

विद्यापीठाच्या लहान उपकेंद्रातून पदवीची सुरुवात करावी का, हे ठरवताना इमारतीपेक्षा अभ्यासक्रमाची रचना आधी पाहावी. तुम्हाला हवा असलेला विषय शेवटच्या वर्षापर्यंत तिथेच शिकवला जातो की मध्येच मुख्य परिसरात जावे लागते, आणि जावे लागल्यास तिथली जागा आपोआप मिळते की गुणांवर ठरते, याचे उत्तर लेखी घ्यावे; तोंडी आश्वासनावर मी तरी विसंबणार नाही. लहान वर्गात प्राध्यापक नावानिशी ओळखतात आणि पुढे शिफारसपत्र मागताना ही ओळख फार उपयोगी पडते. मात्र ते तिथे पूर्णवेळ असतात की तासापुरते येतात, हे सध्याच्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. प्रयोगशाळेवर अवलंबून असलेल्या विषयांसाठी मी सहसा मुख्य परिसरच सुचवतो.