बर्लीत एवढं आहे तरी काय जी?

मागच्या अंकात पाइपात भरायच्या बर्ली नावाच्या तंबाखूवर चार ओळी काय लिहिल्या, तं पत्रं अन् व्हॉट्सअॅपवर मेसेज सुरूच. सगळ्यांना उत्तर देणं होत नाही, थोडे निवडून घेतले.

प्रश्न : माझा साळा अमेरिकेहून आला तेव्हा एक पाइप अन् प्रिन्स अल्बर्ट तंबाखूचं पाकीट देऊन गेला. म्हणे हा जुना बर्ली ब्लेंड आहे, तिकडचे म्हातारे जन्मभर हाच ओढतात. मी ओढून पाहिला तं ना गोड, ना वास, ना ठसका. लोकांना याच्यात काय एवढं आवडते? (संत्रा बागायतदार, ता. आर्वी)

उत्तर : ठसका नाही म्हणूनच तं ओढतात भाऊ. आधी पान वाळवायची पद्धत पाहा. व्हर्जिनिया नावाचा दुसरा तंबाखू असते, त्याची पानं बंद कोठारात गरम हवेवर आठवडाभरात वाळवून काढतात, त्यामुळं पान पिवळं राहते अन् त्यातली साखर आतच अडकते. बर्लीचं तसं नाही, अख्खं झाड बुडापासून कापायचं, काठीत ओवायचं अन् हवेशीर लाकडी कोठारात उलटं टांगून द्यायचं, आग नाही धूर नाही, महिना-दोन महिने नुसती हवा. झाड कापलं तरी पान लगेच मरत नाही, बरेच दिवस जितं राहते अन् तेवढ्यात आपलीच साखर खाऊन बसते. म्हणून वाळून तपकिरी झालेल्या बर्लीत साखर जवळपास नसतेच, मग गोडी कुठून येईल? उरते ती भाजलेल्या शेंगदाण्याची, थोडी कोकोकडं जाणारी कोरडी चव. तीही पहिल्या झुरक्यात सापडत नाही, पाइप अर्धा झाला की हळूहळू समजते.

दुसरं म्हणजे हे पान पातळ अन् सच्छिद्र, शिंपडलं ते पिऊन घेते. म्हणून कारखानदार त्याच्यावर ज्येष्ठमध, कोको, थोडी साखर, कधी रम असं काही मारतात. आपली ज्वारीची भाकर जशी झुणक्यासोबतही जाते अन् दुधासोबतही, तसं आहे हे. पण जुन्या ब्लेंडमध्ये हा मसाला बेताचा असते, पान वर अन् मसाला खाली. माझं मत विचारलंच तं सांगतो, ज्याच्यावर व्हॅनिला अन् चेरी ओततात तो तंबाखू पाकीट उघडतानाच काय तो छान लागते, पेटवल्यावर निस्तं गरम पाणी.

हे व्हाइट बर्ली नावाचं वाण तसं अपघातानंच हाती लागलं. ओहायो राज्यात 1864 साली केंटकीहून आणलेलं बियाणं टाकलं, तं काही रोपं फिक्कट, पांढरट निघाली, बिमार असावी तशी. पण तेच पान पुढं केंटकी-टेनेसीत पसरलं अन् अमेरिकेतल्या किराणा दुकानात मिळणारे स्वस्त पाइप तंबाखू बहुतेक त्याच्यावरच उभे राहिले. तुमचा प्रिन्स अल्बर्ट 1907 चा, आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीनं काढलेला, त्याच्या डब्यावर 30 जुलै 1907 ही पेटंटची तारीखसुद्धा छापलेली असायची. (डब्यावरचा माणूस इंग्लंडचा एडवर्ड सातवा. तो 1901 लाच राजा झाला होता, पण डब्यावर बिचारा प्रिन्सच राहिला.)

हा तंबाखू घेणारा माणूस कोण, तं शेतकरी, सुतार, मेकॅनिक. हात कामात असतात, पाइप तोंडात, मधूनच विझला तं विझला, पुन्हा काडी लावली. लताकिया हा धुरावर वाळवलेला तंबाखू टाकलेले भारी ब्लेंड असतात, त्यांच्यासाठी बसावं लागते, लक्ष द्यावं लागते, अन् घरातले लोक उठून जातात ते वेगळंच. बर्ली काही मागत नाही, अन् काल लागला तसाच आज लागते. रोज ओढणाऱ्याला हेच पाहिजे असते, तुमच्यासारख्या एकदा ओढून पाहणाऱ्याला ते कसं दिसणार बाप्पा.

प्रश्न : बर्ली जीभ पोळत नाही असं तुम्ही लिहिलं होतं. माझी तं पोळली, अन् पाइप दर मिनिटाला विझते. (ता. साकोली)

उत्तर : जोरजोरात ओढून राहिले असाल. व्हर्जिनियातल्या साखरेनं अन् ओलाव्याच्या वाफेनं जीभ जास्त पोळते, तेवढ्यापुरती बर्ली बरी, पण कोळसा लाल होईस्तोवर ओढली तं तीही सोडत नाही. भरताना तीन चिमट्या घ्या, पहिली नुसती सोडायची, दुसरी जराशी दाबायची, तिसरी त्याहून थोडी जास्त, अन् प्रत्येक वेळी न पेटवता हवा ओढून पाहायची. काडी दोनदा लावायची असते, पहिल्यांदा वरचे धागे फुगून उभे होतात, ते हलक्या हातानं दाबायचे अन् मग पुन्हा. विझला तं विझू द्या, त्यात कमीपणा नाही.

अन् ओलावा पाहा. चिमूट दाबून सोडली की तंबाखू हळूच उकलला पाहिजे, गोळा राहिला तं ओला, भुगा झाला तं वाळून गेला. आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर, उघडं पाकीट दोन दिवसात कुरकुरीत, अन् तेच पावसाळ्यात ओलं. काचेच्या बरणीत घट्ट बंद ठेवा. लय वाळला तं झाकणाच्या आतून ओल्या फडक्याचा तुकडा लावून काही तास ठेवा, तंबाखूला टेकू देऊ नका. बटाट्याची फोड टाकायचं कोणी सांगितलं तं ऐकू नका, बुरशी येते.

प्रश्न : आमच्या यांनी खर्रा सोडला अन् पाइप धरला. म्हणतात हा माइल्ड आहे, याच्यानं काही होत नाही. खरं आहे का? (ता. आरमोरी)

उत्तर : नाही ताई, खरं नाही. माइल्ड आहे ती चव. निकोटिन बर्लीत कमी नसते, व्हर्जिनियापेक्षा सहसा जास्तच निघते. शिवाय साखर नसल्यानं तिचा धूर अल्कधर्मी, म्हणजे धूर छातीत न घेताही निकोटिन तोंडाच्या आतल्या कातडीतून अंगात उतरते. त्यामुळंच खर्रा सुटला तरी यांना तलफ जाणवत नसेल, ती भागूनच राहिली आहे. तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर पाइपनंही होते, अन् इतकी वर्षं खर्रा खाल्लेल्या तोंडाला तं आणखी जपायला पाहिजे. तोंड पूर्ण उघडते का, आत पांढरा चट्टा आहे का, हे एकदा दवाखान्यात दाखवून घ्या. सोडायचं मनावर घेतलं तं 1800-11-2356 हा सरकारचा टोल फ्री नंबर आहे, यांच्याच हातानं लावायला लावा. मी वर एवढं कौतुक लिहिलं ते यांना वाचून दाखवू नका म्हणजे झालं.

प्रश्न : पाकिटाला कोण पैसे घालते, बिडीचाच तंबाखू पाइपात भरला तं? (ता. सडक अर्जुनी)

उत्तर : काहून हो? तेंदूपान आपल्या जंगलातलं असलं तरी बिडीतला तंबाखू निपाणीकडचा नाही तं गुजरातचा, उन्हात वाळवलेला, जहाल, अन् चुरा केलेला. पाइपात तो दाबून बसते, हवा जात नाही, जोर लावून ओढला की भुगा नळीतून सरळ जिभेवर. बर्ली भारतातही पिकते, आंध्रात, पण ती बहुतेक सिगारेटवाल्यांकडं अन् बाहेरदेशी जाते, तुमच्या चौकातल्या ठेल्यावर येत नाही. दुकानाचं नाव तिघा-चौघांनी विचारलं, ते छापणार नाही. 2003 च्या कायद्यानं तंबाखूची जाहिरात बंद आहे, अन् अठराच्या आतल्या ज्या पोरानं पत्र पाठवलं त्याला तं कोणी विकूही शकत नाही.