ग्वादालाहाराला कुटुंबासह यावं का? कार्टेलच्या भीतीविषयी सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिलं आहे की कंपनी तीन वर्षांसाठी ग्वादालाहाराला पाठवते आहे, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत, आणि पुण्यात मेक्सिकोचं नाव काढल्यापासून आईंनी अबोला धरला आहे. कार्टेलवरच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या टोळ्यांवरच्या, मालिका पाहून तुमचीही झोप उडाली आहे. ‘खरं काय ते सांगा. त्यापेक्षा मॉन्टेरे किंवा केरेतारो मागून घेऊ का?’ हा तुमचा प्रश्न. मी ग्वादालाहाराला लागूनच असलेल्या सापोपानमध्ये बरीच वर्षं राहते, माझा मुलगा इथल्याच शाळेत वाढला. हे 2025 च्या अखेरीस लिहिते आहे. इथलं चित्र सहा महिन्यांत पालटू शकतं, म्हणून तारीख मुद्दाम सांगितली.

आधी उत्तर देते: या, आणि कुटुंबाला घेऊन या. पण शहर शांत दिसतं म्हणजे इथे टोळी नाही, असं समजून येऊ नका. ग्वादालाहारा आणि आसपासच्या भागावर बऱ्याच वर्षांपासून एकाच टोळीची पकड आहे, ती म्हणजे हालिस्को न्यू जनरेशन कार्टेल (हालिस्को हे या राज्याचंच नाव). शहरात रोज गोळीबार होत नाही तो त्यामुळे. मेक्सिकोत एखादं गाव पेटतं ते बहुतेक वेळा दोन टोळ्या एकाच इलाख्यासाठी भिडल्या की. या इलाख्याला इथे ‘प्लाझा’ म्हणतात. म्हणून कुठल्याही शहराबद्दल विचारताना ‘तिथे कार्टेल आहे का’ असं विचारून काही कळत नाही. प्लाझा कोणाचा आहे, आणि त्यावर दुसरं कोणी हक्क सांगतंय का, हे विचारा.

हे पटण्यासाठी थोडा इतिहास सांगावा लागेल. तो याच शहराचा इतिहास आहे.

1970 च्या दशकात वायव्येकडच्या सिनालोआ राज्याच्या डोंगरांत लष्कराने अफू आणि गांजाची शेतं जाळली. तिथले म्होरके उठले आणि ग्वादालाहाराला येऊन बसले. मिगेल आंखेल फेलिक्स गायार्दो, राफाएल कारो किंतेरो आणि एर्नेस्तो फोन्सेका ही त्यांतली तीन मोठी नावं. कॅरिबियन समुद्रातून फ्लोरिडाला जाणारा कोकेनचा रस्ता अमेरिकेने आवळल्यावर कोलंबियाचा माल मेक्सिकोतून जाऊ लागला आणि या मंडळींच्या हाती अफाट पैसा आला. देशाची राजकीय गुप्तहेर पोलीस यंत्रणाच त्यांना ओळखपत्रं देऊन सांभाळत होती. मग फेब्रुवारी 1985 मध्ये अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा अधिकारी एन्रिके कामारेना याला ग्वादालाहारात भर दिवसा उचललं, हाल हाल करून मारलं. महिन्याभराने त्याचा मृतदेह शेजारच्या मिचोआकान राज्यात सापडला. अमेरिकेने असा दबाव आणला की त्याच वर्षी ती गुप्तहेर यंत्रणा गुंडाळावी लागली, कारो किंतेरो आणि फोन्सेका गजाआड गेले आणि 1989 मध्ये फेलिक्स गायार्दोही पकडला गेला.

आणि इथूनच खरी मारामारी सुरू झाली. एकाच्या हातातला धंदा तिहुआना, हुआरेस आणि सिनालोआ अशा गटांत वाटला गेला, आणि हे सगळे कालपर्यंत एकमेकांच्या लग्नांत जेवलेले लोक. तिहुआनाचे आरेयानो फेलिक्स बंधू आणि सिनालोआचा होआकिन ‘एल चापो’ गुस्मान यांचं वैर इतकं विकोपाला गेलं की मे 1993 मध्ये ग्वादालाहाराच्या विमानतळावरच गोळीबार झाला आणि त्यात कॅथलिक चर्चचे बडे धर्मगुरू कार्डिनल पोसादास ओकाम्पो मारले गेले. तुम्ही याच विमानतळावर उतरणार आहात. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते त्या दिवशी अख्ख्या देशाने पाहिलं.

पुढचं थोडक्यात. 2006 च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष काल्देरोन यांनी लष्कर रस्त्यावर उतरवलं आणि एकेक म्होरक्या टिपायचं धोरण धरलं. म्होरके पडले, टोळ्या मात्र फुटून दुप्पट झाल्या. गल्फ कार्टेलने लष्करातून फुटलेल्या जवानांची ‘सेतास’ ही फौज पाळली होती. 2010 मध्ये तीच मालकावर उलटली. त्याच वर्षी सेतासनी तामाउलिपास राज्यातल्या सान फेर्नान्दोला 72 स्थलांतरित मजुरांना ओळीने मारलं. पुढच्या ऑगस्टमध्ये मॉन्टेरेतल्या एका कसिनोला आग लावली, 52 माणसं गेली. मॉन्टेरे हे देशातलं सगळ्यात श्रीमंत शहर म्हणून मिरवत होतं, हे लक्षात घ्या.

आपल्या शहराचंही तेच झालं. सिनालोआतर्फे ग्वादालाहारा सांभाळणारा नाचो कोरोनेल जुलै 2010 मध्ये सापोपानच्या एका उच्चभ्रू वस्तीत लष्कराच्या गोळीने मेला, आणि त्याच्या हाताखालचे आपसात लढले. नोव्हेंबर 2011 मध्ये शहरातल्या मिलेनियो कमानींजवळ गाड्यांमध्ये 26 मृतदेह सोडून दिलेले सापडले. त्या झुंजीतून वर आला तो नेमेसिओ ओसेगुएरा, ऊर्फ ‘एल मेंचो’, आणि त्याची हालिस्को टोळी. 1 मे 2015 ला त्याला पकडायला निघालेलं लष्कराचं हेलिकॉप्टर त्याच्या माणसांनी रॉकेट डागून पाडलं आणि राज्यभर बस, ट्रक पेटवून रस्ते अडवले.

सगळ्यात ताजं उदाहरण सिनालोआच्या राजधानीचं, कुलियाकानचं. जुलै 2024 मध्ये सिनालोआचा म्हातारा म्होरक्या ‘एल मायो’ साम्बादा अमेरिकेत पकडला गेला. एल चापोच्या एका मुलानेच त्याला फसवून विमानात घातलं, असं त्याचं म्हणणं. सप्टेंबरमध्ये दोघांच्या माणसांत युद्ध पेटलं. इतकी वर्षं एका टोळीच्या धाकाखाली निवांत असलेल्या शहरात शाळा ओस पडल्या, संध्याकाळनंतर दुकानांची शटरं खाली, आणि वर्षभरात हजाराहून जास्त खून.

म्हणून मी आईंना ‘काही काळजी करू नका’ असं सांगणार नाही. तुम्हाला सांगते ते असं: मेंचोवर अमेरिकेने डिसेंबर 2024 मध्ये दीड कोटी डॉलरचं बक्षीस लावलं. असा एखादा म्होरक्या पकडला गेला किंवा मेला अशी बातमी ज्या दिवशी येईल, त्या दिवशी ऑफिस, शाळा, किराणा सगळं सोडून घरी थांबा. घरात चार दिवसांचं पाणी, धान्य आणि मुलीची औषधं कायम ठेवा. रस्त्यात अडकलात तर गाडी वाचवायला जाऊ नका; टोळीवाले जाळायला गाडी मागतात, ती देऊन टाका आणि चालत निघा. मोबाइल काढून चित्रीकरण अजिबात करू नका.

रोजच्या जगण्याचं म्हणाल तर मुलीची शाळा, बाजार, रविवारची चापालाच्या तळ्याकाठची चक्कर, सगळं पुण्यासारखंच चालतं. घर ‘कोतो’त घ्या, म्हणजे फाटक आणि पहारेकरी असलेल्या वसाहतीत. प्रोविदेन्सिया, चापालिता किंवा आंदारेसच्या बाजूला बघा. भाडं जास्त पडेल, पण इथे पैसे वाचवू नका. शेजारी काय करतो हे त्याने आपणहून सांगितलं नाही तर विचारू नका. महामार्गावरून जायचं तर टोलच्या रस्त्याने आणि उजेड असेपर्यंत. मिचोआकान, कोलिमा आणि साकातेकासच्या सीमेकडचे भाग वर्ज्य. तिथे टोळ्यांची झुंज चालूच आहे. एक फोन तुम्हाला नक्की येईल: पलीकडून लहान मूल रडत असेल आणि कोणीतरी म्हणेल तुमची मुलगी आमच्या ताब्यात आहे. हे तुरुंगातून चालवलेलं फसवणुकीचं दुकान असतं. फोन ठेवा आणि शाळेत फोन लावा. मुलीचं नाव तर अजिबात उच्चारू नका, ते तुमच्याकडूनच काढून घेतात.

आणि गांजाची एक पुडीही विकत घेऊ नका. ‘सगळेच घेतात’ म्हणणारे आपल्याकडचे तरुण इथेही भेटतील. तो पैसा कुठे जातो ते पुढे वाचा.

ही शांतता फुकट मिळालेली नाही, आणि तिची किंमत तुमच्या-माझ्यासारखे देत नाहीत. निन्योस हेरोएसच्या चौकात एक मोठं स्मारक आहे, त्याला आता सगळे ‘बेपत्तांचा चौक’ म्हणतात. त्याच्या बुंध्याभोवती हरवलेल्यांची पत्रकं डकवलेली आहेत, एकावर एक. फोटो, वय, उंची, शेवटचं पाहिलं तेव्हा कोणत्या रंगाचा शर्ट होता, दंडावर गोंदलेलं आईचं नाव. बहुतेक विशीतली मुलं. ऊन-पावसाने चेहरे पुसट होतात आणि घरचे येऊन नवीन चिकटवतात. मेक्सिकोत अशी बेपत्ता माणसं 1,20,000 हून जास्त नोंदली गेली आहेत आणि त्यांत हालिस्को राज्य सगळ्यांत पुढे आहे. पोलीस शोधत नाहीत म्हणून आयाच फावडी आणि लोखंडी सळ्या घेऊन माळरानं उकरतात. सळई जमिनीत खुपसायची, बाहेर काढून वास घ्यायचा. मार्च 2025 मध्ये अशाच एका गटाला तेउचित्लानजवळच्या शेतघरात शेकडो बूट, कपडे, बॅगा आणि जळलेल्या हाडांचे तुकडे मिळाले. सहा महिन्यांपूर्वीच सरकारी पथक तिथे छापा घालून गेलं होतं! याच तेउचित्लानला गोल पिरॅमिड बघायला आम्ही मुलांना घेऊन जातो.

तिथे टोळीत जबरदस्तीने भरती करायला पोरांना आणलं जायचं, तेही नोकरीच्या जाहिरातींतून. सुरक्षारक्षक हवेत, पगार दर आठवड्याला, राहणं-जेवण फुकट, त्लाकेपाकेच्या बस स्थानकावर या. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशींच्या भाच्याने अशीच एक जाहिरात फेसबुकवर पाहिली होती. निघायच्या आदल्या रात्री त्याच्या आईने त्याचे बूट लपवून ठेवले, म्हणून तो आज आहे. त्या पोराला आणि माझ्या मुलाला एकाच शहराचा धोका सारखा नाही, हे इथे राहायला आलेल्या प्रत्येक परदेशी माणसाने जाणून असावं.

हे सगळं मेक्सिकन लोकांच्या स्वभावातच आहे, असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. माल विकला जातो अमेरिकेत आणि बंदुका बहुतांशी येतात अमेरिकेतून. मेक्सिकोने बंदूक कंपन्यांवर दावा लावला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून 2025 मध्ये फेटाळला. फेंटानिल या जीवघेण्या अमली पदार्थाची कच्ची रसायनं चीनमधून येतात तशी भारतातूनही येतात. त्यावरून गुजरातच्या दोन कंपन्यांवर जानेवारी 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात आरोप ठेवले गेले. आपण यापासून फार लांब नाही.

आता मॉन्टेरे आणि केरेतारो. मॉन्टेरे 2011 च्या मानाने पुष्कळ सावरलं आहे, पण शेजारच्या तामाउलिपासमधून सरहद्दीकडे जाणारे रस्ते धोक्याचे, आणि तिथे राहून टेक्ससला गाडीने जायचा मोह होतोच. केरेतारो तिन्हींत निवांत. तरी नोव्हेंबर 2024 मध्ये तिथल्या एका बारमध्ये घुसून दहा जणांना मारलंच. निवड खरोखर तुमच्या हातात असेल आणि आईंची समजूत महत्त्वाची असेल तर केरेतारो घ्या. नसेल तर ग्वादालाहाराला नाही म्हणू नका. इथली माणसं जिवाला जीव देणारी आहेत आणि आपली मंडळीही बऱ्यापैकी आहेत, गणपती-दिवाळीला एकत्र जमतो.

कंपनीकडून दोन गोष्टी लेखी घ्या: परिस्थिती बिघडली तर कुटुंबाला परत पाठवण्याचा खर्च त्यांचा, आणि पहिले दोन महिने विमानतळ व ऑफिसची ने-आण त्यांच्या गाडीने. आल्या आल्या मेक्सिको सिटीतल्या आपल्या दूतावासात तिघांची नावं नोंदवा. आणि घर पक्कं करण्याआधी मला कोतोचं नाव कळवा, मी रविवारी स्वतः जाऊन बघून येते.