वहीला कुलूप कशाला?

प्रश्न : मुलगी अकरावीत आहे, जेईईचा क्लास लावलाय. 'प्रतिद्रव्य म्हणजे काळात उलटे जाणारे कण' असं वाचल्यापासून तिने त्यावर अख्खी वही भरली. केमिस्ट्रीत 70 पैकी 31 पडले, म्हणून वही मी कपाटात कुलूपबंद केली. हे खूळ तिच्या डोक्यातून काढा. – एक पालक

उत्तर : मार्कांचं नंतर बघू. मला खटकलं ते कुलूप. कुणी न सांगता मुलगी वही भरते आणि घरात ती जप्त होते! वहीत काय लिहिलंय, याबद्दल पत्रात अवाक्षर नाही. तुम्ही ती वाचली तरी का? मला फार वाईट वाटलं.

आणि हे खूळ नव्हे. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकच्या 1928 च्या इलेक्ट्रॉनविषयीच्या समीकरणातून ऋण ऊर्जेची उत्तरं निघाली. भौतिकशास्त्रज्ञ फाइनमनने 1949 मध्ये दाखवलं, की तसा इलेक्ट्रॉन काळात मागे जातोय असं मांडा, नाहीतर धन भाराचा पॉझिट्रॉन, म्हणजे इलेक्ट्रॉनचंच प्रतिद्रव्य रूप, पुढे जातोय असं मांडा, गणित एकच. गैरसमज होतो तो इथे. ही मांडणीची रीत आहे. प्रयोगशाळेतला पॉझिट्रॉन कालच्या दिवसात परत जात नाही. 1932 मध्ये कार्ल अँडरसन या भौतिकशास्त्रज्ञापुढे असाच पेच होता. चुंबकीय क्षेत्रात वळलेला कणाचा माग फोटोत दिसत होता, पण तो वरून खाली आलेल्या इलेक्ट्रॉनचा की खालून वर गेलेल्या धन कणाचा? क्लाउड चेंबरमध्ये, म्हणजे कणांचे माग दाखवणाऱ्या पेटीत, 6 मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा आडवा बसवला होता. पत्र्यातून गेलेल्या कणाची ऊर्जा घटते आणि माग जास्त वळतो. जास्त वळलेला भाग पत्र्याच्या वर होता. म्हणजे कण खालून वर गेला होता. पॉझिट्रॉन सापडला तो असा.

तिची चूक अर्धवट वाचनाची आहे, ती शिकवून सुधारते. केमिस्ट्री मात्र तिला करावीच लागेल, हे तिलाही सांगा. मूलभूत विज्ञान शिकायचं तर आयसर आणि नायसर या विज्ञान संशोधनाच्या संस्था आहेत; आयसरची अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट आणि नायसरसाठीची नेस्ट ही प्रवेशपरीक्षा, दोन्ही बारावीच्या वर्षी देता येतात. जेईई तिला हवी आहे की तुम्हाला, हे आधी ठरवा.

समुपदेशनाला तिला एकटीला पाठवू नका, तुम्हीही या. त्याआधी वही परत द्या आणि विचारा, 'तो शिशाचा पत्रा नसता तर अँडरसनला काय कळलं असतं?' ती बोलायला लागली की मध्ये मार्कांचा विषय काढू नका.