द्रव हायड्रोजन आणि मेटास्टेबल अवस्था यांचा संबंध काय?

नुकताच द्रवरूप केलेला हायड्रोजन स्वतःच मेटास्टेबल असतो, म्हणजे सर्वात स्थिर अवस्था नसूनही तो तिथेच दीर्घकाळ टिकून राहतो, हाच मुख्य संबंध. दिसायला शांत, पण आतले बहुतेक रेणू वरच्या ऊर्जापातळीत अडकून पडलेले.

हायड्रोजनच्या रेणूतल्या दोन प्रोटॉनचे स्पिन (स्वतःभोवती फिरण्यासारखा अंगभूत गुणधर्म) एकाच दिशेला असले तर तो ऑर्थो, विरुद्ध असले तर पॅरा. नेहमीच्या तापमानाला तीन भाग ऑर्थो आणि एक भाग पॅरा असतो. २० केल्विनला, म्हणजे उणे २५३ अंश सेल्सियसला, समतोल साधायचा तर ९९.८ टक्के पॅरा हवा. पण ऑर्थो रेणूचं फिरणं क्वांटम नियमांमुळे पूर्ण थांबूच शकत नाही. त्यासाठी आधी एका प्रोटॉनचा स्पिन उलटावा लागतो, आणि ते घडवायला रेणूच्या अगदी जवळ असमान चुंबकीय क्षेत्र लागतं. शुद्ध द्रवात ते मिळतं फक्त शेजारच्या ऑर्थो रेणूंकडून, तेही अगदी क्षीण. म्हणून हा बदल तासांत नव्हे, दिवसांच्या हिशेबात होतो.

आता यातला खरा विलक्षण भाग. या बदलात उष्णता बाहेर पडते. ताज्या द्रवातला सगळा ऑर्थो पॅरा झाला तर दर किलोमागे सुमारे ५२५ किलोज्यूल, आणि एक किलो द्रवाची वाफ करायला लागतात साधारण ४५०! टाकीचं इन्सुलेशन कितीही उत्तम असो, उष्णता आतच तयार होते आणि द्रव उकळून उडून जातो. म्हणूनच द्रवीकरण चालू असतानाच वायू फेरिक ऑक्साइडसारख्या उत्प्रेरकावरून नेतात. ऑर्थोचं पॅरा करण्याचं काम आधीच उरकलेलं बरं.

अडकणं उलट्या दिशेनंही होतं. १९२९ मध्ये बोनहोफर आणि हार्टेक या शास्त्रज्ञांनी अतिथंड कोळशावर जवळपास शुद्ध पॅरा हायड्रोजन मिळवला. तो खोलीच्या तापमानाला आणला तरी स्वच्छ काचपात्रात दीर्घकाळ पॅराच राहतो. मेटास्टेबल म्हणजे काय, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तुमचा रोख बबल चेंबरकडे, म्हणजे सूक्ष्म कणांच्या वाटा टिपणाऱ्या उपकरणाकडे असेल, तर तिथली गोष्ट वेगळी. तिथे दाबाखालच्या द्रव हायड्रोजनवरचा दाब पिस्टन सरकवून एकदम कमी करतात. द्रव उत्कलनबिंदूच्या वर असूनही काही मिलिसेकंद उकळत नाही; ही त्याची मेटास्टेबल अवस्था. तेवढ्यात विद्युतभारित कण गेला तर त्याच्या वाटेवर बुडबुड्यांची रेघ उमटते आणि तिचा फोटो घेतात. भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांच्या गटानं अमेरिकेत बर्कलीला १९५९ मध्ये असा ७२ इंची चेंबर सुरू केला होता.