आधी मंजुरी, मग अर्क (सप्तरंगी आणि विस्टर रॅट्स)

तुमची पोस्ट वाचली आणि माझं एम.फार्मचं दुसरं वर्षच आठवलं. तुम्ही लिहिलंय की सप्तरंगीच्या (डायबेटिसवरच्या औषधी वनस्पतीच्या) मुळांचा अर्क तयार आहे, तो तपासायला विस्टर जातीच्या प्रयोगशाळेतल्या रॅट्सवर डायबेटिसचं मॉडेल करायचंय, म्हणजे त्यांना मुद्दाम डायबेटिस करायचाय, आयएईसीची (संस्थेच्या प्राणी-प्रयोग नैतिकता समितीची) मंजुरी अडकलीय आणि सर म्हणतायत सुरू कर, नंबर नंतर मिळेल. सुरू करू नका. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल. पेपर पाठवताना मंजुरीचा नंबर विचारतात, तारीख जुळत नसेल तर सगळं काम वाया, आणि मुळात ज्या जिवांना आपण मुद्दाम आजारी पाडणार त्यांच्या बाजूने विचार करणारी तेवढी एकच समिती असते हो.

माझी वनस्पती हीच, मॉडेलही हेच. अडकलं समितीत नाही, समितीचं काम बघणाऱ्या ऑफिसात. फॉर्म बी (प्राण्यांवरच्या प्रयोगाच्या मंजुरीचा अर्ज) तिथे पडून, मीटिंग झाली तरी अजेंड्यावर नाही, विचारायला गेलं की "नॉमिनींची डेट मिळत नाही". सीसीएसईए (तेव्हा सीपीसीएसईए) ही प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी सरकारी समिती, तिच्या नॉमिनीशिवाय, म्हणजे तिने नेमलेल्या सदस्याशिवाय, बैठक होत नाही हे मान्य, पण माझ्या फाइलवर प्राण्यांच्या संख्येचं कारण नीट दिलेलं नाही असा शेरा मारून ती बाजूला ठेवली होती आणि मला कुणी कळवलंच नव्हतं! एका ओळीचा ईमेल पुरला असता. तोवर पावसाळा आला, अर्काला ओल लागून बुरशी धरली, सगळी बॅच फेकली. परत मुळं आणली ती वेगळ्या हंगामातली, मँजिफेरिनचं (मुळातल्या एका घटकाचं) प्रमाण आधीच्याशी जुळेना, मग सगळं स्टँडर्डायझेशन, म्हणजे अर्कातल्या घटकांचं प्रमाण ठरवणं, पहिल्यापासून. अजूनही आठवलं की संताप होतो, कारण सप्तरंगीचं मूळ खणलं की ते झाड गेलंच समजा, आणि कोकणात ती आधीच औषधासाठी ओरबाडली जाते.

म्हणून मुळं नीट वाळवून ठेवा, मोठा अर्क मंजुरी हातात आल्यावरच काढा. ऑफिसला दर वेळी ईमेलने विचारा, तोंडी नको. संख्येसाठी रिसोर्स इक्वेशन लिहा: एकूण प्राणी वजा गट, उत्तर 10 ते 20 मध्ये हवं. 5 गटांत 6-6 घेतले तर 25 येतात, 5-5 घेतले तर 20. सगळे 6 घेतात म्हणून आपणही 6, हे कारण नाही. तुमच्या समितीला पॉवर कॅल्क्युलेशन (संख्या ठरवायचं संख्याशास्त्रीय गणित) हवं असेल तर मात्र ते द्या, प्रत्येक ठिकाणी वेगळं चालतं.

आता तुमच्या प्लॅनबद्दल (ग्लुकोज पाजून ओजीटीटी, तुलनेला ग्लिबेनक्लामाइड), हे माझं मत आहे, गाइडशी बोलूनच ठरवा. सप्तरंगीतलं सॅलॅसिनॉल आणि कोटॅलॅनॉल आतड्यातल्या अल्फा-ग्लुकोसिडेजला (स्टार्च-साखर तोडून ग्लुकोज करणाऱ्या एन्झाइमला) अडवतात. मग ओजीटीटीत (तोंडाने साखर देऊन रक्तातली साखर मोजायच्या चाचणीत) सरळ ग्लुकोज पाजलंत तर हा परिणाम दिसणार कसा, ग्लुकोजला तोडायचंच काही नसतं! सुक्रोज किंवा स्टार्च द्या, तुलनेला ग्लिबेनक्लामाइडऐवजी (ते बीटा पेशींना इन्सुलिन सोडायला लावतं) अकार्बोज (हेच एन्झाइम अडवणारं औषध) ठेवा. ही द्रव्यं पाण्यात विरघळणारी, त्यामुळे पेट्रोलियम इथरचा अर्क घेऊन बसू नका. आणि स्ट्रेप्टोझोटोसिनने (डायबेटिस करायला टोचतात त्या रसायनाने) इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी फार मेल्या तर ग्लिबेनक्लामाइड काम तरी कशावर करणार? नुसत्या स्ट्रेप्टोझोटोसिनपेक्षा आधी निकोटिनामाइड देऊन केलेलं मॉडेल मला जास्त पटतं, थोड्या पेशी शिल्लक राहतात.

स्ट्रेप्टोझोटोसिन थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच 4.5, अगदी ऐन वेळी विरघळवा आणि लगेच द्या. ग्लोव्ह्ज-मास्क हवेतच, ते कॅन्सरकारक आहे. इंजेक्शननंतर मरणाऱ्या पेशींतून इन्सुलिन एकदम बाहेर पडतं, साखर कोसळते, म्हणून पहिली रात्र 5 ते 10 टक्के ग्लुकोजचं पाणी ठेवायचंच. यात कंजूषी केली की सकाळी पिंजऱ्यात मेलेले रॅट्स दिसतात आणि ते मरण पूर्ण टाळता येण्यासारखं असतं.

अजून एक, डायबेटिक रॅट्स प्रचंड पाणी पितात आणि तेवढीच लघवी करतात. पिंजऱ्यातला भुसा रोज बदलावा लागतो, जास्तीच्या बाटल्या लागतात. हे फॉर्म बीमध्येच लिहा आणि अ‍ॅनिमल हाउसच्या मामांशी आत्ताच बोलून ठेवा, रविवारी कोण येणार तेही विचारा.