सायकल आणि खांदेदुखी

प्रश्न : मी ४६ वर्षांचा असून रोज पहाटे अंबाझरी, फुटाळा, सेमिनरी हिल्स अशी सायकल चालवतो. महिनाभरापासून उजवा खांदा व दंड दुखतो, करंगळीला मुंग्या येतात. कारण काय असावे? (वाचक, नागपूर)

उत्तर : करंगळीच्या मुंग्या बहुधा हँडलच्या दाबाने तळहाताशी अल्नर नस (करंगळीकडे जाणारा मज्जातंतू) दबल्यामुळे येत असाव्यात. खांदेदुखीचे मूळ मात्र पुष्कळदा सीटमध्ये सापडते. सीटचे टोक खाली झुकलेले किंवा हँडल फार दूर असेल, तर अंगाचा भार हातांवर येतो आणि कोपरे ताठ ठेवल्यास रस्त्याचा प्रत्येक धक्का थेट खांद्यापर्यंत पोहोचतो. सेमिनरी हिल्सच्या उतारावर आपण हँडल किती घट्ट आवळता, हेही पाहावे. मान वळवताच कळ हातात उतरत असल्यास मानेच्या मणक्यांची तपासणी करावी. दुखण्यासोबत छातीत जडपणा किंवा घाम आल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे.